कुरतडलेलं पान

पनामा. हिलारियो फांदीवर टॉर्च धरतो:
"यातलं एक पान, पान नाही."
पिवळा डाग, बुरशीचा ठिपका,
कडेला अळीनं कुरतडल्याची खाच.
हे तरी खरंच, म्हणून बोट लावते
तर ते सहा पायांवर बाजूला सरकतं.
शेवटची कात टाकताना आली ही जखम,
कुणाचा दात न लागता.

गाणं येतं या नाकतोड्याला.
पण वटवाघूळ गाण्याचाच माग काढतं,
म्हणून रात्रीतून एखादीच टिचकी;
बाकी सगळं
देठ घट्ट धरून नुसतं थरथरणं.
वरच्या फांदीवर तिच्या पायांना कळतं.

पहाटे हिलारियो घरी पोचतो.
हाक मारत नाही, दारही वाजवत नाही.
लाकडी जिन्याच्या सैल पायरीवर
जरा वजन टाकतो.
आत हर्मेलिंडा कडी काढते.