निळा मांत्रिक

टोलीडोच्या तळघरात, भट्टीच्या घरघरीशेजारी
बाराव्यांदा मेलो त्याच्या हातून.
कुठे उगवेल नेम नाही,
खांबामागे, पाठीशी,
कधी नुसता झगाच.
कार्ट्रिज काढली, फुंकर मारली, परत घातली.

शालनमावशी जिन्यात गाजरं किसत बसलेली.
"धावू नकोस रे त्याच्यामागे.
मंत्र म्हणताना मांत्रिकाला हलता येत नाही.
म्हणू दे त्याला."
कंट्रोलर तिने जन्मात धरला नव्हता.

थांबलो.
बाहेर बर्फ ढकलणारा ट्रक गेला,
खिडकी थरथरली.
त्याची काठी वर गेली,
ओठ काढलेलेच नव्हते, तरी हलले असावेत,
तेवढ्यात मी.

किल्ली पडली. दार उघडलं.
मी पुढे निघालोही.

"झगा रिकामाच होता की रे,"
मावशी म्हणाली.
किसणी थांबली होती.