एकवीस-एकोणीस

साडेपाचला हॉलचं शटर निम्मंच वर जातं.
वाकून आत शिरायचं सगळ्यांनीच,
मिलवाल्यांनी, जिनिंगवाल्यांनी, हाडांच्या डॉक्टरांनी,
आणि बियाण्याच्या पुड्या छापणाऱ्या मीसुद्धा.
जालन्यात एवढ्या पहाटे दोनच गोष्टी तापलेल्या:
एमआयडीसीतली भट्टी
आणि मुनीरभाईचा चहा.

खांडेभराड साहेबांच्या ऑफिसात
सोफ्यावर बसून मी दोन उन्हाळे काढले.
शिपाई म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये.
मग कुणीतरी सांगितलं,
साहेब कोर्ट नंबर दोनवर भेटतात,
हाफचड्डीत.

अंबडच्या शाळेतून मी जिल्ह्यापर्यंत खेळलेलो.
आमच्याकडं शटलला फूलच म्हणतात.
फूल उचल, फूल दे, फूल फाटलं.
स्मॅश विसरायला मला महिना लागला.

साहेबांचा डावा गुडघा वळत नाही
हे पहिल्याच दिवशी दिसलं.
म्हणून फूल उजवीकडं, खांद्याच्या उंचीवर,
पाहुण्याच्या ताटात वाढल्यासारखं.
हरायचं, पण एकवीस-अकरा नाही,
त्यानं माणूस लाचार दिसतो.
एकवीस-एकोणीस.
शेवटचं फूल जाळीत, आणि मान हलवत म्हणायचं,
"आज साहेब काही ऐकत नव्हते."

कोर्टावर धंद्याचं अवाक्षर नाही.
बोलणं व्हायचं ते बाकावर,
बुटाच्या नाड्या सोडताना, खाली बघत.
"कापसाच्या पुडीला काय लावतोस?"
सुटत आलेली गाठ मी पुन्हा घट्ट करायचो,
हिशेबाला तेवढाच वेळ.

मिरगाच्या आधी ऑर्डर आली. सहा लाख पुड्या.
बायको टी-शर्ट पिळत म्हणाली,
"हरायलाच जाता, तर घाम कामून एवढा?"

तीन वर्षं.
मग मार्चअखेरीला साहेब रिटायर झाले.
हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
एक तारखेला मी जाणार नव्हतो,
जाग आली म्हणून गेलो.
साहेब एकटेच भिंतीवर फूल मारत होते.
"ये," म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही.
आता खेळ."

खेळलो.
अंबडचं काढलं, जिल्ह्याचं काढलं,
डाव्या गुडघ्यापुढं दोन ड्रॉप टाकले, निर्लज्जपणे.
गुडघा वळला.
चांगला वळला.
एकवीस-नऊ.

नाड्या सोडत, खाली बघत ते म्हणाले,
"मीही आधी सेल्सलाच होतो की. परभणीला.
तिथले साहेब टेनिस खेळायचे."
पुढं काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

त्यांच्या खुर्चीवर आता नांदेडच्या मॅडम आल्यात.
टेबल टेनिस खेळतात म्हणे.
बॅट घेतलीय मी, तेराशेची,
घरी कपाटाच्या दारावर सराव चालू आहे.

रविवारी मात्र कोर्ट नंबर दोन.
काल एकवीस-अकरा.
चहाचे पैसे साहेबांनी दिले,
तीन वर्षांत पहिल्यांदा.