अडीचशे शब्द

'आमच्या विविधतेत आपण काय भर घालाल?'
कोलंबसच्या लायब्ररीत फॉर्म विचारतो.
दिवाळी लिहिते. फराळ लिहिते.
खोडते; चकल्या तर आई विकत आणते.

मग आठवतो ळ.
हजेरीत काळेचं केल होतं, इथली एक पालेभाजी,
आणि मी निमूट हात वर करते.
हा परिच्छेद छान रंगत असताना

मैत्रिणीला तिचा भाऊ हाक मारतो,
जवळपास आमच्या अकोल्याचं 'अवो',
पण घशाच्या पार तळातून.
तीन वर्षं, एकाच बसमध्ये,
स्पेलिंग वाचून मी तिला कावो म्हणत आलेय.

"सांगितलं का नाहीस?"
"विचारलंस कधी?"

आता ती शिकवतेय, मी चुकतेय,
लायब्ररियन डोळे वटारतोय.
अडीचशेपैकी अकरा शब्द झालेत,
तेही खोडायचेत.