हस्तिदंत, म्हणे

लेमिन्स्टरला, नदीच्या वरच्या अंगाचं घर विकायला निघालंय,
आणि मी, डेल्फिस गोद्रो, जुन्या सामानाचा दुकानदार,
रोझिल्डा थेरियोच्या ड्रेसिंग टेबलापुढे
चिठ्ठ्या आणि दोरा घेऊन उभा.

पेटी उघडली.
निळं साटन, खाचेखाचेत एकेक वस्तू निजलेली:
मुठीचा आरसा, ब्रश, कंगवा, पावडरीचा डबा,
नखांची कानस,
आणि बुटांची बटणं ओढून लावायचा आकडा,
जो तिच्या हाती येईपर्यंत
बटणांचे बूटच गेले होते.

रंग साईचा. आत बारीक रेघा,
हत्तीच्या दातात असतात तशा, जरा जास्तच सरळ.
हत्ती इतक्या शिस्तीत वाढत नाही.

खरं-खोटं ओळखायची रीत बापानं दिली:
अंगठा घासायचा, कातडी तापेस्तोवर,
मग नाकाशी धरायचा.
कापूर आला तर सेल्युलॉइड.

कापूर आला.

कारखान्यात ती आरशांच्या पाठी घासायची,
ओल्या कापडी चाकावर, दिवसाला बारा डझन.
काच बसायची दुसऱ्या खात्यात.
संध्याकाळी ट्रॅममध्ये शेजारची बाई
न बघता जरा सरकून बसायची, वासानं.
हा संच तिनं हप्त्यांनी घेतला, त्याच कारखान्याचा.
ही पाठ आपल्याच हातची का,
हे तिलाही सांगता आलं नसतं.

कंगव्याला रोग लागलाय.
दातांच्या मुळाशी चिराच चिरा, अंग घामट,
शेजारची कानस त्याच्या वाफेनं गंजून गेली.
हे पसरतं.
आजारी नग वेगळा काढायचा, पेटी बंद ठेवायची नाही,
खिडकी उघडायची.
मी खिडकी उघडली.

राहिली गोल डबी, झाकणाला मधोमध भोक.
विंचरताना निघालेले केस बोटाला गुंडाळून
भोकातून आत सोडायचे,
पुरेसे साठले की त्यांचं गंगावन.
झाकण फिरवलं.
वर पांढरे.
त्याखाली काळे, पुष्कळ, वर्षानुवर्षांचे.
आणि तळाला काळ्यात गुंतलेले तांबडे.

तांबड्या केसांची होती एक्झिल्डा,
धाकटी. वाळवणीच्या खोलीत कामाला.
ती खोली एका दुपारी पेटली.
माझा बाप बादल्या घेऊन धावला होता;
एवढंच सांगायचा, की बादल्या भरेपर्यंत
विझवायला काही उरलंच नव्हतं.
कापराच्या जातीचं ते.

गंगावन कुणी केलं नाही.
डबी कुणी रिकामी केली नाही.

आरसा दोन डॉलर. ब्रश एक.
कंगवा वर्तमानपत्रात बांधून बाहेर, ओसरीवर.
आरसा मी पालथा ठेवला, पाठ वर;
तिची बाजू तीच.
डबीला दोरा बांधला, चिठ्ठी कोरी राहिली.

रात्री पाव मोडताना
अंगठ्याला अजून वास होता.