गाढवाची पाठ

आमच्याकडे गतिरोधकाला गाढवाची पाठ म्हणतात.
हे नाव कुणी ठेवलं, ठाऊक नाही.
गाढव पाळणारा शेवटचा माणूसही केव्हाच गेला.
पण ट्रकमधून उतरवली तेव्हा
काळ्या रबराची ती सोळा गाढवं
खरोखरच निमूट पडली होती एकमेकांवर,
अंगावर पिवळे पट्टे घेऊन.

जून महिना.
त्रेस आरोयोसमधला जून, म्हणजे वारा
हातमोज्यात शिरून बोटं मोजून जातो.
सुपरमार्केट दहाला बंद झालं
आणि दिवसभर गाड्यांखाली दडलेलं सगळं
दिव्यांखाली उघडं पडलं:
तेलाचे डाग, चिरडलेलं संत्रं, एक बाळमोजा,
ब्रेकच्या काळ्या रेघा,
त्यातली एक अर्ध्यातच संपलेली.

नासारेनोनं नकाशा बॉनेटवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार बोल्ट ठेवले.
नकाशा राजधानीतून आलेला.
दर वीस मीटरला एक, तो म्हणाला,
आणि मी ड्रिलची वायर सोडायला लागलो.

तेव्हा फेर्मिन बोलला.
अकरा वर्षं इथल्या ट्रॉल्या गोळा करणारा फेर्मिन,
मार्चमध्ये मागे येणाऱ्या एका पिकअपनं
ज्याला ट्रॉल्यांच्या रांगेसकट भिंतीशी दाबलं.
आता हातात वॉकर, काखेत मातेचा थर्मास.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"तिथं नको.
तिथं सगळे जागा शोधत असतात.
शोधणारा माणूस कुणाला मारत नाही.
मारतो तो, ज्याला सापडलंय.
पावाच्या दारापाशी वळलं की बाहेरचा रस्ता दिसतो,
आणि रस्ता दिसला की पाय जड होतो.
तिथं टाक."

नासारेनो नकाशाकडे बघत राहिला.
मग बोल्ट खिशात टाकले.
वाऱ्यानं नकाशा उचलला, त्यानं तो धरला नाही.

रात्रभर भोकं पाडली.
डांबर बाहेरून दगड, आतून मऊ.
प्रत्येक भोकातून गरम वास यायचा,
जुन्या उन्हाळ्याचा.

तीनच्या सुमारास दारापुढच्या पायवाटेला
सिमेंटचे ठोकळे लावून काठ केला,
वीतभर उंच, सरळ, दोरीत.
आता कुठलंही चाक इकडे चढणार नाही,
मी अभिमानानं म्हणालो.

फेर्मिन आडोशाला, दाराशी जायला उठला.
वॉकरचे पुढचे दोन पाय काठावर आपटले.
टक्.
त्यानं पुन्हा उचलून पाहिला.
टक्.
आम्ही सगळ्यांनी पाहिलं
आणि सगळे दुसरीकडे बघायला लागलो.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
इथं दोन्ही ठेचा एकाच्याच वाट्याला,
आणि शहाणे आम्ही.

तो रागावला नाही.
रागावला असता तर बरं झालं असतं.

नासारेनोनं हातोडा घेतला.
माल अजून ओला होता.
तीन ठोकळे उपटले, जागी उतार ओतला,
थापीनं इतका गुळगुळीत केला
जितका त्यानं स्वतःच्या घराचा उंबराही केला नसेल.
वाळू दे, तो म्हणाला.
फेर्मिन वाट पाहत बसला. माते थंड झाला,
एकच नळी फिरत राहिली आमच्यात,
कुणी नको म्हणालं नाही.
पुरता वाळायच्या आतच तो चढला.
वॉकरचे ठसे राहिले,
बुजवायला कुणी वाकलं नाही.

सकाळी आठला मी त्याच काठावर बसून
पाव खात होतो.
पावाच्या दाराकडून एक पांढरी पिकअप वळली.
तीच होती का, मी नंबर पाहिला नाही.
रस्ता दिसताच तिचं नाक उंचावलं,
मग गाढवाच्या पाठीवर
एकदम खाली बसलं. मागच्या हौद्यात
रिकामे कॅन खणखणले.

चालवणाऱ्यानं काच खाली करून शिवी दिली.
मला ती शब्दन् शब्द ऐकू आली,
इतका तो हळू होता.