न खाल्लेलं मीठ

लेस्टरच्या दवाखान्यात नर्स ग्वेन
आकडा लिहून देते: एकेचाळीस.
म्हणते, पळू नका खासनीस, कालव्यापर्यंत चाला फक्त.

चालतो.
धुक्यात एक बदक, आणि डेरेक.
त्याचा आकडा सव्वीस,
तरी माझ्या पुढे, शीळ घालत.

घरी बटाटे रात्रभर पाण्यात.
मिरजेहून आलेली लोणच्याची बरणी
कुमुदिनीने वरच्या फळीवर ठेवली,
आणि स्टूल देऊन टाकलं शेजारणीला.

आठ दिवस आमटी नुसती ओली लागली.
नवव्या दिवशी
जिरं सापडलं जिभेला,
इतकी वर्षं कुठे होतं कोण जाणे.

जन्मभर खाल्ल्या मिठाला जागलो.
आता न खाल्लेल्या मिठाला
जागून बघतो.

डेरेक म्हणतो,
उद्या दुसऱ्या पुलापर्यंत.