हँडिकॅप चोवीस

बावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी बॅडमिंटन सोडायला लावलं
तेव्हा मेहुणा म्हणाला, गोल्फ धर,
त्यात पळावं लागत नाही.
चेंडू शोधत किती चालावं लागतं
ते मात्र बोलला नाही.

येरवड्याच्या मैदानावर पहिल्याच दिवशी
मी जमिनीचा एक तुकडा उडवला, भाकरीएवढा.
चेंडू जागच्या जागी,
पोस्टातल्या कारकुनासारखा, वरसुद्धा न बघता.
यल्लाप्पाने तुकडा उचलून आणला,
खड्ड्यात बसवला, टाचेने दाबला,
"नांगरणी झाली काका. आता चेंडू मारा."

आम्ही रविवारचे चौघं:
कर्नल बोपय्या, चेंडू सरळ आणि किस्से वाकडे;
दातांचे डॉक्टर रायरीकर, पट मारताना श्वास रोखतात
आणि आपल्यालाही रोखायला लावतात;
कॅम्पातून मावा केक आणणारा जाल,
ज्याच्या हातात स्कोअरकार्ड कुणी देत नाही;
आणि मी.

एकदा सातव्या होलवर
नुकत्याच व्यालेल्या कुत्रीने माझा चेंडू पळवला
आणि बाभळीखाली पिल्लांपुढे नेऊन ठेवला.
कर्नलांनी खिशातून नियमावली काढून
लागू पडणारं कलम मोठ्यांदा वाचलं.
पिल्लं ऐकत होती.
चेंडू मागायला कुणी पुढे झालं नाही.

आणि मग ते अकराव्याचं.
छोटा होल, मध्ये ओढा, पलीकडे हिरवळ.
मी सात नंबर फिरवली आणि त्याच क्षणी
लोहगावहून सुखोई उठलं,
कानठळ्या बसल्या, सगळ्यांच्या माना वर.
आवाज विरला तेव्हा चेंडू कुठेच नव्हता.
ओढ्यात पाहिलं, घाणेरीत पाहिलं,
जाल म्हणाला, विमानाला लागला असेल, कळवायला हवं.
यल्लाप्पा आधीच पुढे गेला होता.
झेंड्यापाशी उभा राहून, कुणाचं घर दाखवावं तसं म्हणाला,
"काका, आत बघा."

आत होता.
माझाच. लाल पेनाची खूण असलेला.

त्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे अख्ख्या बारला मी पाजलं,
ज्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी मिठ्या मारल्या.
घरी वैजू मेथी निवडत होती.
"एका फटक्यात? आणि मग उरलेला वेळ काय करत होतात?"

प्रमाणपत्रावर साक्षीदाराची सही लागते.
यल्लाप्पाने केली, सावकाश, जोडाक्षरासाठी थांबून.
मी विचारलं, तू जाताना पाहिलंस ना?
तो बॅगेचा पट्टा आवळत होता.
बराच वेळ आवळत होता.

चौकट दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, मी सांगतो.
सुखोईपाशी पोचलो की
दर वेळी आवाज थोडा चढवतो.

पुढच्या उन्हाळ्यात छत्री विसरलो म्हणून
एका सोमवारी सकाळी गेलो.
सोमवारी मैदान आम्हाला बंद असतं,
कॅडी खेळतात.
अकराव्यावर यल्लाप्पा, अनवाणी,
हातात माझी जुनी सात नंबर,
मूठ सैल झाली म्हणून मी टाकून दिलेली,
आता सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली.

त्याने फार तयारी केली नाही.
खांदा वळला, आणि वळतच राहिला,
जणू कुणी मागून हाक मारली आहे
आणि त्याला घाई नाही.

मला पाहून काठी मागे लपवली,
शाळेतल्या पोरासारखी. वय चव्वेचाळीस.
मी म्हटलं, मला कधी असं का नाही शिकवलंस?
म्हणाला, "रविवारी चेंडू तुमचा असतो ना काका."

मग मी ओंडक्यावर बसलो, म्हटलं, खेळ.
त्याने दुसरा चेंडू ठेवला.
वर विमान वगैरे काही नव्हतं.
ओढा ओलांडताना तो अगदी छोटा झाला,
हिरवळीवर टेकला, दोनदा उडाला,
झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला.
"राहिला," यल्लाप्पा म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता हसला.

छत्री आणायची राहूनच गेली.